पावसाळ्याआधी पेटीची वीज तोडून पाहा

बुऱ्हाणपूरच्या राजघाटाला तापीचं पाणी चढू लागलं, की त्याची खबर खाली हतनूरला वेळेत पोचावी लागते. धरणाचे ४१ दरवाजे कधी, किती उघडायचे हे वरून येणाऱ्या पाण्यावर ठरतं. वाटेत चांगदेवजवळ पूर्णाही येऊन मिळते. पुढे भुसावळ, आणखी खाली उकाई. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या विसर्गाने सुरत बुडाली, ती याच नदीवर.

नदीकाठी पाणीपातळी मोजणाऱ्या लिनक्सच्या पेट्या बसवणाऱ्या वाचकांना म्हणून एकच विचारायचं आहे. रात्री वीज जाऊन आली, तर तुमची पेटी कुणी हात न लावता कामाला लागते का?

उदाहरण वॉचडॉगचं घेऊ. मापनाचा प्रोग्रॅम अडकला तर यंत्र स्वतःहून रीबूट व्हावं, म्हणून आपण ‘मॉडप्रोब सॉफ्टडॉग’ अशी आज्ञा देतो. मॉड्यूल चढतं. मग तेच नाव मॉड्यूल्स-लोड.डी या डिरेक्टरीतल्या फाइलीत लिहितो आणि निश्चिंत होतो. उबुंटूवर इथेच घात होतो. तिथे कर्नलच्या पॅकेजबरोबर वॉचडॉग मॉड्यूलांची ब्लॅकलिस्ट येते. हाताने थेट नाव घेऊन मागितलेल्या मॉड्यूलला ती आडवी येत नाही. बूट होताना सिस्टमडी मात्र ती पाळतं आणि मॉड्यूल सोडून देतं. जर्नलमध्ये तशी एक ओळ पडते, पण ती वाचतो कोण? त्या ब्लॅकलिस्टच्या फाइलीच्या नावात कर्नलची आवृत्ती असते, त्यामुळे ती एकदा दुरुस्त केली तरी पुढच्या अपडेटला नवी हजर. त्यापेक्षा वॉचडॉग डीमनच्या सेटिंगमध्येच मॉड्यूलचं नाव द्यावं, किंवा मॉडप्रोब चालवणारं छोटं सर्व्हिस युनिट लिहावं. बोर्डावर हार्डवेअर वॉचडॉग असेल तर तोच वापरा. कर्नलच गोठलं, तर सॉफ्टडॉगही त्याच्याबरोबर गोठतो.

ऑप्शन्सचंही असंच. मॉडप्रोब.डीमधल्या फाइलीच्या नावाला शेवटी ‘.कॉन्फ’ नसेल तर ती वाचलीच जात नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल तर तिथली ओळ निष्फळ. ऑप्शन कर्नलच्या कमांड लाइनवर द्यावा लागतो. मॉड्यूल इनिट्रॅमएफएसमधून चढत असेल तर ती प्रतिमा पुन्हा बनवल्याशिवाय बदल लागू होत नाही. फाइलीत काय लिहिलंय यावर म्हणून विसंबू नका. बहुतेक ड्रायव्हर आपली चालू मूल्यं सिसएफएसमध्ये, मॉड्यूलच्या पॅरामीटर्स डिरेक्टरीत दाखवतात, ती वाचा.

आणि प्रत्येक ऑप्शनच्या वर कॉमेंटमध्ये तो का दिला, कधी दिला, हे लिहा. कारण माहीत नसलेली ओळ पुढचा माणूस एकतर भीतीने ठेवतो किंवा घाईत पुसतो, दोन्ही वाईट.

मे संपायच्या आत जागेवर जा. ‘रीबूट’ टाइप करू नका, पेटीची वायरच काढा. बॅटरीही सोडवा, दहा मिनिटं थांबा, मग वीज द्या आणि कीबोर्डला हात न लावता पुढचं रीडिंग केंद्रावर पोचतं का ते पाहा. पोचलं नाही, तर तिथून हलू नका.