हिरवळीवर चालू नये

बाग लहान मुलांसाठी असते, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. परवाच्या रविवारी ती दूर झाली. दूर करणारी व्यक्ती माझी धाकटी कन्या. ती दुसरीत आहे आणि तिला नुकतेच सलग वाचता येऊ लागले आहे. या वयातली मुले दिसेल ते मोठ्याने वाचतात. औषधाच्या बाटलीपासून रिक्षाच्या पाठीपर्यंत काही सोडत नाहीत. आमच्या भागातल्या बागेच्या दाराशी (पुण्यातली बाग, याहून जास्त सांगत नाही, मला अजून तिथे जायचे आहे) एक भलीमोठी पाटी आहे. तिच्यापुढे उभी राहून बाईसाहेबांनी खणखणीत आवाजात वाचन सुरू केले.

"हिरवळीवर चालू नये. फुले तोडू नयेत. चेंडू खेळू नये. सायकल आणू नये. झाडावर चढू नये. आरडाओरडा करू नये. बारा वर्षांवरील मुलांनी खेळण्यांवर बसू नये..."

मी मनात मोजत होतो. मोजणे हा माझा धंदाच आहे. एकूण अकरा नियम भरले.

"बाबा," वाचन संपल्यावर ती म्हणाली, "मग आपण इथे कशाला आलोय?"

बँकेत बावीस वर्षे काउंटरवर बसल्यामुळे अवघड प्रश्नाला "शेजारच्या खिडकीवर विचारा" असे उत्तर द्यायची मला सवय आहे. पण बागेला शेजारची खिडकी नव्हती. मी म्हटले, "आत चल आधी."

आत काय होते? प्रथम एक सुरेख रुंद, लाल मातीचा चालण्याचा मार्ग. त्यावरून शहरातली सर्व मधुमेही मंडळी घड्याळाच्या दिशेने फिरत होती. मार्गाच्या आत हिरवळ, म्हणजे जिच्यावर चालायचे नाही ती. एका बाजूला व्यायामाची लोखंडी यंत्रे, तीही मोठ्यांसाठी. आणि पार मागे, कचराकुंडी व पंपाची खोली यांच्यामध्ये जी जागा उरली होती, तिथे "बालविभाग". मी पावलांनी मोजून पाहिला. चालण्याचा मार्ग सहाशे दहा पावले. बालविभाग बावीस बाय पंधरा. आता बी.कॉम. झालेल्या माणसाला ताळेबंद वाचता येतो. ही बाग कुणाच्या खात्यावर आहे ते सांगायला ऑडिटर नको.

दोन झोपाळे, एक घसरगुंडी आणि तारेने बांधून ठेवलेला एक सी-सॉ. झोपाळ्यासमोर रांग. आमच्याकडे एक तारखेला पेन्शनची लागते तशी, फक्त जरा जास्त शिस्तीची. थोरल्याला तर रांगेतही उभे राहता येईना, कारण तो तेरा वर्षांचा. त्याने झोपाळ्यावर बसायचे नाही, चेंडू खेळायचा नाही, झाडावर चढायचे नाही. तो व्यायामाच्या यंत्राला लोंबकळला, तर एक गृहस्थ खेकसले, "ए, हे खेळणं नाही!" बिचारा बाकावर जाऊन बसला. तिथल्या आजोबांनी त्याच्याकडे बघून शेजारच्या आजोबांना सांगितले, "हल्लीची मुलं बघा, बसून असतात नुसती."

तेवढ्यात हास्यक्लब सुरू झाला. मुंबईत 1995 साली डॉ. मदन कटारियांनी पाच माणसे जमवून एका बागेत हा उपक्रम सुरू केला आणि तो जगभर गेला. माझी त्याला हरकत नाही. मोठ्या माणसाला आपण होऊन हसू येत नाही, त्यासाठी क्लब काढावा लागतो, हे मला बँकेत रोज दिसते. पण तीस माणसे हात वर करून "हा हा हा" करत असताना घसरगुंडीवर चार पोरी खिदळल्या, तर रखवालदाराने शिट्टी कुणाला मारावी? पोरींना! का, तर आरडाओरडा करू नये, नियम सहावा.

वेळांचे काय सांगावे! बाग सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचार ते आठ. मे महिन्यात मुलांना दिवसभर सुटी असते, तेव्हा बागेला दुपारची झोप. गेल्या उन्हाळ्यात मी अकरा वाजता कुलूप पाहून परतलो, तेव्हा ग्राहक बँकेच्या वेळांबद्दल जे उद्गार काढतात ते सगळे मी त्या दारापुढे वापरून घेतले. बरे वाटले.

आमच्या लहानपणी सगळे छान होते, असे मी म्हणणार नाही. तेव्हा पत्र्याची घसरगुंडी उन्हात तव्यासारखी तापायची, आणि माझ्या हनुवटीवरचे तीन टाके एका झोपाळ्याची आठवण आहेत. पण याच शहरात पेशवे पार्कात 1956 साली फुलराणी सुरू झाली, ती मुलांच्या मापाची आगगाडी होती. आम्ही ऐटीत बसायचो आणि बाप लोक गुडघे पोटाशी घेऊन. जग क्वचितच असे योग्य मापाचे दिसते. आणि कोपनहेगनला 1943 साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून एम्ड्रुप इथे मुलांना एक मैदान मिळाले. त्यात झोपाळे नव्हते. फळ्या, विटा, माती असले सामान होते; मुलांनी काय हवे ते बांधावे आणि मोडावे. युद्धात सापडलेल्यांना हे सुचले. आपल्याला शांततेत फरशी सुचते. आमच्या घसरगुंडीखाली पूर्वी वाळू असे. आता सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत, कारण वाळूने कपडे मळतात. गुडघ्यांचे मत कुणी घेतले नाही.

खेळणे हा मुलांचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात एकतिसाव्या कलमात म्हटले आहे. भारताने तो 1992 साली मान्य केला. मी कलम वाचले. "हिरवळ सोडून" असे त्यात कुठेही नाही.

माझे मागणे फार नाही. बागेचा तिसरा हिस्सा मुलांना तोडून द्यावा. त्यात वाळू, एक नळ आणि चढता येईल असे एक आंब्याचे झाड असावे. पाटी हवीच असेल तर एकच लावावी : "मोठ्यांनी आत येऊ नये." सर्वांत आधी तिथे मला अडवावे. कारण त्या रविवारी परत निघताना कन्येने हिशेब दिला, "बाबा, तुम्ही 'पडशील' एकोणीस वेळा म्हणालात." (बापाचे रक्त. मोजते.) मुलगी एकदाही पडली नव्हती. पडायला वावच नव्हता.

दाराबाहेर आलो तर कुंपणाच्या दुरुस्तीसाठी टाकलेला वाळूचा ढीग. मी "अरे" म्हणेपर्यंत दोघे त्यावर होते. तेरा वर्षांचे चिरंजीव बोगदा खणू लागले, धाकटी चपलेने पाणी आणू लागली. झोपाळ्याची रांग मोडून आणखी सात-आठ पोरे आली. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. शिट्टी गळ्यात अडकवून रखवालदार दाराशी आला, तेव्हा मी घाईघाईने माफीची वाक्ये जुळवू लागलो.

"बसा साहेब," तो म्हणाला. "ती वाळू कंत्राटदाराची. बागेची हद्द इथं संपते."

आणि समोरच्या टपरीवर त्याने दोन चहा सांगितले.