आकड्यांमागची माणसं

नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं पांढरकवडा, कोळसा खाणींचं वणी: ट्रकचालक आणि स्थलांतरित मजुरांची सतत ये-जा असलेला आपला यवतमाळ जिल्हा. अशा सततच्या ये-जेत लागणीचा धोका वाढतो, म्हणूनच या अंकाचा विषय एचआयव्ही आहे. 2021 च्या राष्ट्रीय अंदाजानुसार प्रौढांमध्ये लागण सुमारे 0.2 टक्के होती. त्याच वर्षीच्या पाहणीत तृतीयपंथीयांमध्ये ती पावणेचार टक्क्यांच्या आसपास, तर सुईने नशा करणाऱ्यांमध्ये सुमारे 9 टक्के आढळली.

ही तफावत कुणाच्या चारित्र्याचा हिशेब नाही. हेटाळणीच्या भीतीने माणसं तपासणी टाळतात, उपचार लांबतात आणि लागण पसरत राहते. सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, 2004 पासून मोफत आहे. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बाधितांशी भेदभाव करायला मनाई आहे. तरी दार ठोठावायला माणूस का कचरतो, याचा शोध आम्ही या अंकात घेत आहोत. तुमचे अनुभव जरूर कळवा. नाव गुप्त राखू.