बीड जुळते!

"बीडच ते, जुळत नसते, टाक भंगारात!" जुन्या बीएसएचं तडकलेलं हेड दाखवलं की आमच्या लोहाऱ्यात हाच निकाल. दोष बिडाचा नाही, घाईचा आहे. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त. एकाच जागी झटपट वेल्डिंग मारलं की बाजूचा भाग कडक होतो अन् थंड होताना पुन्हा तडकतो. मग बिडाला शिव्या! तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडा, तडा खोदून काढा, अख्खं हेड भट्टीत तापवा, निकेलचा रॉड थोडा थोडा चालवा, रातभर गरम राखेत पुरून ठेवा. दिवस मोडतो, मान्य. पण किलोनं विकलेलं हेड परत कुठून आणाल? ज्या गावाच्या नावातच लोहार आहे, त्यानं तरी धीर सोडू नये.