रेंज गेली तरी थंडावा राहावा

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की घरोघरी कूलर अखंड सुरू असतो. ओल्या ताट्या, पाण्याचा पंप, पंखा आणि भिंतीवरचे बटण, एवढाच त्याचा पसारा. आता मात्र मोबाइलवरून चालणारे पंखे, एसी, गिझर आणि फ्रिजही बाजारात आले आहेत. पलंगावरून उठण्याचा त्रास वाचावा म्हणून आज्ञा अनेकदा दूरच्या सर्व्हरपर्यंत जाते आणि तिथून त्याच खोलीतल्या पंख्याकडे परतते!

२० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली, तेव्हा अमेरिकेत काहींच्या ‘स्मार्ट’ गाद्या तापलेल्याच राहिल्या. हसण्यावारी नेण्यासारखीच ही गोष्ट. पण ४५ अंशांत, घरात वृद्ध किंवा तान्हे बाळ असताना एसी अडून बसला तर ती नुसती गैरसोय राहत नाही; उष्माघाताला निमंत्रण ठरते.

दुसरा धोका चोरवाटेचा. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिलेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर अनेक मोठी संकेतस्थळे ठप्प केली. मालकांना पत्ताही नव्हता.

म्हणजे इंटरनेट वाईट का? नाही. सरकारी आरोग्य केंद्रांतले लसींचे फ्रिज पाहावेत. लस २ ते ८ अंशांतच टिकते. या फ्रिजच्या आत बर्फाचे अस्तर असते. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी ते गारवा धरून ठेवतात. ‘ईविन’ यंत्रणेचा सेन्सर तापमान दूरवर कळवतो, बिघाड झाल्यास इशारा देतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, अशा भागाला हीच रचना हवी. रेंज गेली तर खबर थांबते, थंडावा थांबत नाही.

घरातल्या यंत्रालाही हाच नियम लावावा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सोपे, सरसकट पासवर्ड देण्यास मनाई आहे आणि सुरक्षा-अपडेट किती काळ मिळतील हे सांगणे बंधनकारक आहे. आपल्याकडे एसी-फ्रिजवर वीजबचतीचे तारे छापतात; त्यांच्या शेजारी ही मुदत आणि ‘इंटरनेटशिवाय चालते की नाही’ हेही छापायला लावावे. तोवर ग्राहकाने दुकानातच वाय-फाय बंद करायला सांगावे आणि यंत्र सुरू करून पाहावे. चालले नाही, तर आपला जुना कूलरच अधिक शहाणा.