किलोभर कोळसा आणि त्यातली राख

मुलांनो, एक प्रश्न विचारते. वाण्याकडून किलोभर तांदूळ आणले आणि निवडायला बसल्यावर त्यात पाव किलो खडे निघाले तर? आई पिशवी उचलून तडक दुकानात जाईल की नाही? पैसे किलोचे दिले, भात मात्र पाऊण किलोचाच!

आपल्या घरातला दिवा, पंखा, टीव्ही ज्या कोळशाच्या जिवावर चालतात, त्या कोळशाची गोष्ट अशीच आहे, बरं का.

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ या ठिकाणी औष्णिक वीजकेंद्रं आहेत. तिथे कोळसा दळून त्याची पिठासारखी भुकटी करतात आणि ती भट्टीत जाळतात. उष्णतेनं पाण्याची वाफ होते, वाफेनं टर्बाइन फिरतं आणि जनित्रातून वीज मिळते. हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. पण कोळसा चांगला की वाईट, हे ओळखायचं कसं?

दोन गोष्टी बघायच्या. जाळल्यावर उष्णता किती मिळते आणि मागे राख किती उरते. उष्णता मोजतात किलोकॅलरीत. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला लागते ती एक किलोकॅलरी. आपल्या देशात २०१२ पासून उष्णतेवरून दगडी कोळशाच्या १७ प्रती ठरवल्या आहेत. सगळ्यात वरची जी-१, तिच्या एका किलोतून ७००० किलोकॅलरींहून जास्त उष्णता मिळते. सगळ्यात खालची जी-१७, तिच्यातून जेमतेम २२०० ते २५००. वीजकेंद्रांच्या वाट्याला बहुतेक मधल्या आणि खालच्या प्रतींचा कोळसा येतो. त्यात शंभरातले तीस ते पंचेचाळीस भाग नुसती राख असते!

इतकी राख आली कुठून? सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी झाडंझुडपं वाहून आणली, त्यांच्याबरोबर गाळही आणला. दोन्ही एकत्र दडपले गेले. त्यामुळे माती कोळशाच्या कणाकणात बसली आहे. तांदळातला खडा वेचता येतो, पिठात मिसळलेली माती कशी वेचणार? कोळसा धुण्याचे कारखाने आहेत. तिथल्या जड द्रवात कोळसा तरंगतो आणि दगड तळाशी बसतो. पण सगळी राख काही जात नाही. आपल्या कोळशाचा एक गुणही सांगायला हवा. त्यात गंधक कमी असतं.

आता वही-पेन्सिल घ्या. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. पण केंद्रात उष्णतेच्या साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते. म्हणून एका युनिटला सुमारे २५०० किलोकॅलरी लागतात असं धरू. किलोला ५००० किलोकॅलरी देणारा, २५ टक्के राखेचा कोळसा असेल, तर तो अर्धा किलो लागेल. राख उरेल १२५ ग्रॅम. कोळसा ३५०० किलोकॅलरींचा आणि ४० टक्के राखेचा असेल, तर लागेल सुमारे ७०० ग्रॅम. राख उरेल २८० ग्रॅम. वीज तेवढीच, राख दुपटीहून जास्त!

ही राख हवेत उडू नये म्हणून धुराड्याच्या आधी यंत्रं बसवलेली असतात. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तशी ती विजेच्या भारानं राखेचे कण ओढून घेतात. पुष्कळशी राख सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये वापरतात. राख वापरलीच पाहिजे, असा नियम सरकारनं १९९९ मध्ये केला. उरलेली राख पाण्यात कालवून तळ्यांत सोडतात. तळं सुकलं आणि वारा सुटला, की ती शेजारच्या गावांत जाते. पिकांवर बसते, श्वासातून छातीत जाते.

दूरच्या वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा पाठवू नये, असाही नियम होता. मे २०२० मध्ये तो काढून टाकला. सरकारचं म्हणणं, धुऊन वेगळा काढलेला कचरा-कोळसा दुसरीकडे जाळला जातोच. त्यापेक्षा राख वीजकेंद्रातच राहिलेली बरी, तिथे ती पकडायची यंत्रं आहेत. उलट बाजूचे लोक म्हणतात, मग रेल्वेचं भाडं भरून दगडमाती शेकडो किलोमीटर वाहून न्यायची कशाला? दोन्ही बाजू नीट वाचा आणि वर्गात चर्चा करा. कोणाचं पटतं, ते कारणांसकट सांगा.

घरी करून पाहा : लाइट बिलावर महिन्याचे युनिट लिहिलेले असतात. त्या आकड्याला २८० नं गुणा. १०० युनिट असतील, तर झाली २८ किलो राख. सगळी वीज काही कोळशाची नसते, पण अंदाज येतो. मग रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्याकडे बघा. बटण कोणी बंद करायचं, हे मी सांगायला हवं का?