हेल्मेटच्या आधी बाळाची मान तपासा

नेदरलँड्समध्ये काही वर्षांपूर्वी ४०३ बाळांच्या आईवडिलांपुढे एक अवघड प्रस्ताव ठेवण्यात आला. तुमच्या बाळाचे डोके मागून चपटे झाले आहे. त्याला हेल्मेट घालायचे की नाही, हे चिठ्ठी टाकून ठरवू द्याल का? ८४ बाळांचे पालक तयार झाले. इतरांनी हा निर्णय नशिबावर सोडला नाही आणि त्यात नवल काही नाही. आपल्या लेकराच्या डोक्याचा प्रश्न असताना चिठ्ठीवर विसंबणे सोपे नसते.

त्या ८४ बाळांपैकी निम्म्यांनी वयाच्या सहाव्या महिन्यापासून पुढे सहा महिने, दिवसाचे २३ तास हेल्मेट घातले. उरलेल्यांवर काहीच उपचार झाले नाहीत. मुले दोन वर्षांची झाल्यावर त्यांची डोकी पुन्हा मोजण्यात आली. कोणाला हेल्मेट होते आणि कोणाला नव्हते, हे मोजणाऱ्यांना माहीत नव्हते. हेल्मेट घातलेल्या ३९ पैकी १० मुलांचे डोके पूर्ण नीट झाले होते, न घातलेल्या ४० पैकी ९ मुलांचे. २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हेल्मेट घातलेल्या प्रत्येक बाळाच्या पालकांनी काही ना काही त्रास नोंदवला: जवळजवळ सगळ्यांनी त्वचा लाल होणे, अनेकांनी घाम आणि वास. तीन चतुर्थांशाहून जास्त आईवडिलांना बाळाला मनासारखे कुशीत घेता येत नव्हते.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नये.

मागून चपटी डोकी एवढी का दिसू लागली, याचे कारण एका मोठ्या यशात आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पालथे झोपवू नका, असे सांगितले आणि १९९४ मध्ये त्याची देशभर मोहीम झाली. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण त्यानंतर निम्म्याहून खाली आले. हजारो जीव वाचले. पण तासन्‌तास पाठीवर झोपणाऱ्या बाळाच्या मऊ कवटीवर एकाच जागी भार येतो, तेव्हा ती तिथे सपाट होते. कॅनडातील कॅल्गरी शहरात सात ते बारा आठवड्यांच्या ४४० बाळांची तपासणी झाली तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या डोक्यात असा चपटेपणा आढळला. त्यातील तीन चतुर्थांशाहून अधिक बाळांमध्ये तो सौम्य होता. न्यूझीलंडमधील बाळांच्या पाहणीत चौथ्या महिन्यात सुमारे २० टक्के बाळांना हा त्रास होता, दोन वर्षांच्या वयात तीन टक्क्यांच्या आसपास उरला. बाळ मान सावरू लागते, कुशीवर वळते, बसते, रांगते, आणि डोक्यावरचा भार आपोआप हलतो. चपटेपणा दिसला म्हणून बाळाला पुन्हा पालथे झोपवायला लागणे हा मात्र जिवाशी खेळ आहे.

मग हेल्मेट निरुपयोगी आहे का? असे म्हणणे डच अभ्यासावरही अन्याय ठरेल. त्यात अतिशय गंभीर चपटेपणा असलेली बाळे घेतलीच नव्हती आणि बऱ्याच बाळांना हेल्मेट नीट बसत नव्हते. अमेरिकेतील मेंदूशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हेल्मेटला जागा दिली आहे, पण ती मध्यम ते गंभीर चपटेपणासाठी आणि बाळाची झोपण्याची दिशा बदलून, व्यायाम करून पाहिल्यानंतरही तो टिकला तर. हेल्मेट डोके दाबत नाही. फुगलेल्या बाजूला ते धरून ठेवते आणि चपट्या बाजूला जागा मोकळी सोडते, म्हणजे वाढणारे डोके त्या जागेत भरते. त्यासाठी डोके वाढत असावे लागते. जन्मावेळी ३५ सेंटिमीटरच्या आसपास असलेला डोक्याचा घेर सहा महिन्यांत सुमारे आठ सेंटिमीटरने वाढतो आणि पुढच्या सहा महिन्यांत जेमतेम तीनने. म्हणून वर्षाच्या बाळाला हेल्मेट घालून फारसे हाती लागत नाही. खर्चही पाहावा लागतो: अमेरिकेत तो हजारो डॉलरच्या घरात जातो, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस साधारणपणे हे हेल्मेट देतच नाही. आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दिवसाचे २३ तास बाळाच्या डोक्यावर कवच ठेवणे काय असेल, याचा अंदाज तिथल्या कोणत्याही आईला करता येईल.

हेल्मेटच्या चर्चेत एक खरा धोका मात्र झाकला जातो. कवटीच्या हाडांमधले सांधे काही बाळांमध्ये वेळेआधीच जुळतात. सुमारे दोन ते अडीच हजार जन्मांत एका बाळाला हा विकार होतो आणि त्याला शस्त्रक्रिया लागू शकते. काही ठिकाणी पहिल्या तीन-चार महिन्यांत दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून त्यानंतर हेल्मेट देतात. तिथे हेल्मेट उपचाराचाच भाग असते. फरक बहुतेक वेळा डॉक्टरांना नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी कळतो. बाळाला मांडीवर बसवून डोके वरून पाहिले, तर झोपण्याने आलेल्या चपटेपणात चपट्या बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेले दिसतात, पत्त्यांचा कॅट एका बाजूने ढकलावा तसा आकार होतो. सांधा जुळला असेल तर आकार वेगळा असतो आणि त्या जागी कडक उंचवटा हाताला लागू शकतो. टाळू लवकर बुजली, डोक्याचा घेर वाढेना किंवा चपटेपणा जन्मापासूनच असून वाढतच चालला, तर थांबू नये.

दुसरी गोष्ट मानेची. बाळ नेहमी एकाच बाजूला तोंड करून झोपत असेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. तो मोकळा केल्याशिवाय हेल्मेट घातले तर मूळ कारण तसेच राहते. यावर फिजिओथेरपी लागते आणि ती लवकर सुरू केली तर चांगला फायदा होतो.

घरात करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला पैसा लागत नाही. पाळण्यात बाळाचे डोके रोज आलटून पालटून दोन्ही टोकांना ठेवावे, म्हणजे दाराकडे किंवा आईकडे पाहण्यासाठी ते दोन्हीकडे वळेल. बाटलीने दूध पाजताना हात बदलावा. जागे असताना आणि कुणीतरी समोर बसलेले असताना बाळाला पोटावर घालावे; सातव्या आठवड्यापर्यंत दिवसभरात मिळून १५ ते ३० मिनिटे व्हावीत, असे अमेरिकी तज्ज्ञ सांगतात. आंघोळीनंतर आजीच्या मांडीवर पालथे पडणेही त्यात धरावे.

आपल्याकडच्या दोन सवयींबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. न्हाऊ घालणाऱ्या बाईने तेल लावताना डोके दाबून ‘गोल करणे’ बंद झाले पाहिजे. दाबाने कवटी घडत नाही, इजा मात्र होऊ शकते. आणि मोहरीची उशी. ती आजही बाळंतविड्यात हौसेने दिली जाते, दुकानांत आणि ऑनलाइनही मिळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या सर्व उशा बाळासाठी वापरू नका, असा इशारा दिला; त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि श्वास कोंडण्याचा धोका आहे. प्रेमाने दिलेली म्हणून ती वापरावी असे नाही.

या सगळ्यात दोष बाळंतिणीच्या माथी मारला जातो: ‘नीट झोपवलं नाहीस’. तिने बाळाला पाठीवर झोपवले, म्हणजे योग्य तेच केले. चपट्या डोक्याने मेंदूची वाढ खुंटते, असेही सिद्ध झालेले नाही. काही अभ्यासांत अशा मुलांची हालचाल थोडी उशिरा आढळली आहे, पण ज्या बाळाची हालचाल कमी, त्याचे डोके चपटे होण्याची शक्यता जास्त, हेही तितकेच खरे असू शकते. अशा बाळाची वाढ तपासून घ्यावी. हेल्मेटने ती सुधारल्याचा पुरावा नाही.

लसींसाठी बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दवाखान्यात जातेच. त्याच वेळी डॉक्टरांनी दोन मिनिटे काढून डोके वरून पाहावे, टाळू चाचपावी आणि मान दोन्हीकडे वळवून पाहावी. त्यांनी आपणहून पाहिले नाही, तर आईवडिलांनी विनासंकोच विचारावे. पाच-सहा महिन्यांनंतरही चपटेपणा ठळक असेल, व्यायाम मनापासून करून झाले असतील आणि डॉक्टरांनी मोजमाप करून तो गंभीर ठरवला असेल, तरच हेल्मेटचा विचार करावा, आणि तोही ते विकणाऱ्याच्या सल्ल्याने करू नये.