कुलूप आहे, नोंदवही कुठे आहे?

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली घेतलेले कोबाल्ट-६० चे यंत्र १९८५ पासून पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने ते लिलावात काढले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. किरणोत्सर्गाने एक कामगार दगावला, आणखी काही जण रुग्णालयात गेले.

यातून आपली विद्यापीठे काय शिकली, असा आमचा सवाल आहे. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, औषधनिर्माण, अभियांत्रिकी. प्रत्येक विभागाचे कपाट वेगळे, किल्ली वेगळी. सायनाइड किती, अ‍ॅसिड किती, याची एकत्र यादी कुलसचिवांकडे आहे काय? पिक्रिक अ‍ॅसिड वाळले की धक्क्यानेही फुटू शकते. ईथर वर्षानुवर्षे ठेवले तर त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होते. आणि बाटली होती हेच कोणाला ठाऊक नसेल, तर ती चोरीला गेल्याचे कळणार कसे?

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी अ‍ॅसिडपुरता आदेश दिलाच आहे: शिक्षणसंस्थांनी वापराची नोंदवही ठेवावी, ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करावी, एका व्यक्तीवर जबाबदारी टाकावी, प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करावी. हाच नियम प्रत्येक घातक रसायनाला लावा, एवढीच आमची मागणी आहे.

पैसा नाही ही सबब चालणार नाही. वहीला असा कितीसा खर्च येतो? निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाकडून किल्लीबरोबर यादीही घ्या.

पालकहो, आपली मुले याच प्रयोगशाळांत उभी राहतात. फी भरायला जाल तेव्हा ही वही दाखवा म्हणा. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही. आम्हाला एक नाव हवे.